तोंडी परीक्षा

मार्च उलटून एप्रिलची चाहूल लागली, की आमच्या घरातील जेवणाचे टेबल, माजघरातील झोपाळा, देवघरापुढची मोकळी जागा आणि अखेरीस माझी आरामखुर्ची, अशी एकेक ठाणी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या स्वाधीन होत जातात. आमच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका असून तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे आहे. आणि मी महसूल खात्यातून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, वळणदार अक्षराचा, सरकारी कागदास न भिणारा आणि दुपारी विनाकारण जागा असणारा इसम असल्यामुळे, सदरहू मूल्यमापनाच्या कामी माझी नेमणूक कोणत्याही लेखी हुकुमाविना व मानधनाविना कायम झालेली आहे. ज्या मुलांचे मी तोंडही पाहिलेले नाही, त्यांच्या सौंदर्यदृष्टीविषयी, सहकार्यवृत्तीविषयी आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी मी वर्षातून दोनदा ठाम मत देतो आणि ते शासनदरबारी प्रमाण मानले जाते, ही गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही.

या उद्योगाचे मूळ ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ या कायद्यात आहे. तो २०१० सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस अंमलात आला. या तारखेविषयी मी काही बोलू इच्छित नाही. मूल वर्षभर जे जे करते त्या सर्वांचे मोजमाप व्हावे, एका दिवसाच्या परीक्षेवर त्याचे भवितव्य टांगलेले राहू नये, असा त्या कायद्याचा अत्यंत उदात्त हेतू. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात आमच्या राज्य शासनाने तो हेतू तक्त्यांत बसवून दाखविला. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधने. तिसरीच्या मुलास या आठांतून मिळवावयाचे आकारिक गुण साठ, सत्राअखेरचे संकलित गुण चाळीस, आणि दोहोंच्या बेरजेवरून अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणींपैकी एक. कागदावर हा प्रवाह साधनांकडून गुणांकडे, गुणांकडून बेरजेकडे आणि बेरजेकडून श्रेणीकडे वाहतो. आमच्या घरी तो उलटा वाहतो. सौभाग्यवती प्रथम डोळे मिटून मुलाचा चेहरा आठवतात, चेहऱ्यावरून श्रेणी ठरते, श्रेणीवरून बेरीज निघते, आणि ती बेरीज आठ रकान्यांत विश्वासार्ह वाटेल अशा बेताने विखरून टाकणे हे माझे काम असते. महसुलात असताना आम्ही पिकांची नजर पैसेवारी लावीत असू, तिचाही शिरस्ता हाच होता: बांधावर उभे राहायचे, पिकाकडे एकदा व शेतकऱ्याच्या तोंडाकडे दोनदा पाहायचे, आणि पन्नास पैशांच्या खाली की वर हे मनाशी पक्के करून मगच आकडेमोडीस बसायचे. त्यामुळे मुलांची पैसेवारी लावताना माझा हात सहसा अडखळत नाही.

“क्रमांक सतरा, मराठी, ब-एक,” सौभाग्यवती सांगतात.

“म्हणजे एकाहत्तर ते ऐंशी. चौऱ्याहत्तर धरतो. तोंडीकामात दहापैकी आठ देऊ?”

“छे हो! तो तोंडच उघडत नाही.”

“मग प्रकल्पात?”

“प्रकल्प त्याच्या आत्याने केला होता. फार सुरेख केला होता हो.”

“आत्याला आठ देऊ?”

“द्या. आणि उरलेले ‘इतर’मध्ये टाका.”

‘इतर’ हे आठवे साधन ज्या कोणा मुत्सद्द्याने सुचविले, त्याने पूर्वायुष्यात कोणत्या तरी कचेरीत उमेदवारी केली असली पाहिजे. सरकारी हिशेबात ‘किरकोळ’ नावाची एक बाब असते. धरणे, रस्ते आणि पूल यांचे ताळेबंद अखेरीस तिच्यापाशी येऊनच जुळतात. मग तिसरीच्या मुलाचे मराठी का जुळू नये?

गुणांचे एकवेळ निभावते. खरा कस लागतो तो वर्णनात्मक नोंदींत. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असलेली बाब, अशा सदरांखाली प्रत्येक मुलाविषयी प्रत्येक सत्रात काहीतरी लिहावेच लागते; आणि परमेश्वराने मुले कितीही निरनिराळी घडविलेली असली, तरी त्यांच्याविषयी लिहावयाची वाक्ये त्याने मोजकीच दिलेली आहेत. ती एकत्र छापलेल्या पुस्तिका दुकानांत मिळतात, हल्ली भ्रमणध्वनीवरूनही फिरतात. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसरातील वस्तूंचे वर्गीकरण करतो.’ ‘उदाहरणे जलद गतीने सोडवितो.’ ‘शालेय शिस्त पाळतो.’ यांतील पहिली चार वाक्ये पहिल्या क्रमांकास, पुढली चार दुसऱ्यास, आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशी अत्यंत निःपक्षपाती वाटणी वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. मुलीच्या नावापुढे ‘करतो’चे ‘करते’ करावयाचे, एवढेच पथ्य. या पद्धतीने मुलांवर तिळमात्र अन्याय होत नव्हता. अन्याय होत होता तो माझ्यावर. सेवेत असताना ‘माहितीस्तव सविनय सादर’ या तीन शब्दांपलीकडे माझ्या प्रतिभेस वाव मिळालेला नव्हता, आणि येथे वर्गभर जिवंत व्यक्तिचित्रे माझ्या लेखणीची वाट पाहत होती. तेव्हा एका सत्रात मी पुस्तिका बाजूस सारली, सौभाग्यवतींकडून एकेका मुलाची कैफियत घेतली आणि स्वतंत्र लेखनास हात घातला.

वर्गात झोपणाऱ्या मुलासाठी मी लिहिले, ‘भोवतालच्या कोलाहलातही चित्ताची शांती ढळू देत नाही.’ शेजारच्या वहीत डोकावणाऱ्यासाठी, ‘इतरांच्या कार्याविषयी सखोल आस्था बाळगतो.’ मारामारीशिवाय ज्याचा दिवस जात नाही त्याच्यासाठी, ‘मतभेद प्रत्यक्ष कृतीतून मिटवितो.’ खिचडीच्या वेळेस येऊन खिचडीनंतर अंतर्धान पावणाऱ्यासाठी, ‘मध्यान्हसमयीची उपस्थिती विशेष उल्लेखनीय.’ आणि तोंड न उघडणाऱ्या क्रमांक सतरासाठी, ‘मितभाषी आहे; मौनातून व्यक्त होतो.’ त्या रात्री मला फार समाधानाची झोप लागली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्वाक्षरीपूर्वी नोंदवही चाळली आणि सौभाग्यवतींस बोलाविणे पाठविले.

“बाई, हे कोणी लिहिलंय?”

“का सर? चुकलंय का काही?”

“चुकलेलं नाही. भाषा तर फारच उत्तम आहे. पण तपासणीला साहेब आले आणि त्यांनी हे वाचलं म्हणजे?”

“सर, नोंदी वाचण्यासाठीच असतात ना?”

“नाही बाई,” मुख्याध्यापक समजुतीच्या स्वरात म्हणाले, “नोंदी पाहण्यासाठी असतात.”

पुनश्च पुस्तिका आली. परंतु क्रमांक सतराचे प्रगतिपत्रक तोवर जाड शाईत उतरून गेलेले होते आणि ते नेण्यास त्याचे वडील आले होते. मेंढरे माळावर भावाच्या हवाली करून आलेला तो मनुष्य पाय दुमडून व्हरांड्यात बसला आणि बाईंनी वाचून दाखविलेला शब्द न् शब्द त्याने लक्षपूर्वक ऐकून घेतला.

“हे समदं आमच्याच पोराचं हाय न्हवं?” त्याने विचारले.

“हो, त्याचंच.”

“मग घरी आसं का वागत न्हाई त्ये?” क्षणभर थांबून तो म्हणाला, “बरं, त्ये ऱ्हाऊ द्या बाई. पोरगं पास हाय का नापास, तेवढं सांगा.”

बाईंनी त्याला श्रेणी समजावून सांगितली, आकारिक सांगितले, संकलित सांगितले, कायद्यानुसार कोणत्याही बालकास मागे ठेवता येत नाही हेही सांगितले.

“म्हंजे पास.”

“तसं अगदी म्हणता येणार नाही.”

“मग नापास?”

“तसंही नाही.”

तो उठला, धोतर झटकले आणि ज्या स्वरात आम्ही कचेरीत अर्जदारांना ‘उद्या या’ म्हणत असू, नेमक्या त्याच स्वरात म्हणाला, “बरं, फुडल्या वर्सी येतो.”

माझ्या बालपणी असला संदेह नव्हता. वर्षातून एकदा दिपोटीसाहेब येत आणि शाळेचे जे काही व्हावयाचे ते एका सकाळीत होऊन जाई. आदल्या दिवशी वर्ग सारवले जात, दाराला तोरण लागे, गुरुजी धुतलेला कोट आणि काळी टोपी घालून पहाटेपासून रस्त्याकडे डोळे लावून बसत, आणि जी मुले गणितात हमखास घात करतील अशी ख्याती असे, त्यांना साहेबांसाठी शहाळी आणण्याच्या कामगिरीवर दूरच्या वाडीला रवाना केले जाई. उरलेल्यांना साहेब प्रश्न विचारीत आणि गुरुजी साहेबांच्या खुर्चीमागे उभे राहून उत्तरांचा मूकाभिनय करीत. एकदा साहेबांनी विचारले, “महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?” गुरुजींनी काळ्या रंगाची सूचना देण्यासाठी आपल्या टोपीस हात लावला आणि पाठोपाठ खांद्यावरचा नसलेला पदर सावरून बाईचा निर्देश केला. पहिल्या रांगेतील मॉनिटर ताडकन उभा राहून म्हणाला, “टोपीबाई!” वस्तुतः कळसूबाई हे नाव त्या मुलास आठवड्यापूर्वीपासून तोंडपाठ होते, परंतु गुरुजींच्या तोंडाकडे एकदा पाहिल्यावर स्वतःला ठाऊक असलेले उत्तर देण्याचे धाडस कोण करतो? साहेबांनी शेरेबुकात काय लिहिले हे आम्हांस कळले नाही. शहाळी मात्र त्यांनी घेतली.

हे दुखणे आपल्याच मातीतले आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो नामक मंत्रिमहोदयांनी अशी तजवीज केली, की मुलांची हजेरी किती आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत तपासनीसापुढे किती मुले उतरली, यावर शाळेचे अनुदान ठरावे. निकालावर अनुदानाची ही रीत पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही आली. त्या काळी मॅथ्यू आर्नोल्ड हा प्रख्यात कवी पोटासाठी शाळा तपाशीत हिंडत असे, आणि ही नोकरी त्याने एकूण पस्तीस वर्षे केली. मुले ठरलेले पुस्तक घोकून परीक्षेत उतरतात आणि वाचता येणे ही बाब निराळीच राहते, अशी तक्रार त्याने आपल्या अहवालांतून केली. ती पद्धत शतक संपता संपता मोडीत निघाली. कवीच्या अहवालावर कार्यवाही होण्यास खुद्द साहेबाच्या राज्यातही तीस-एक वर्षे लागली, हे वाचून आमच्या खात्याविषयीचा माझा आदर दुणावला.

मुलाला येते की नाही हे पाहणे मुळात किती सोपे आहे, हे ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीतून दाखविले आहे. तिचे स्वयंसेवक खेडोपाडी घरोघर जातात आणि मुलाच्या हाती एक कागद देतात: त्यावर काही अक्षरे, काही शब्द, एक चिमुकला उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. ना आठ साधने, ना ‘इतर’चा रकाना. मुलाला जेथवर वाचता येईल तेथवर त्याची पातळी. आणि पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे वाचून वर्तमानपत्रे दर खेपेस नव्याने हादरतात. असेच दोन तरुण स्वयंसेवक एकदा आमच्या आळीत आले आणि शेजाऱ्यांच्या ओटीवर त्यांच्या नातवाला कागद देऊन बसले. पाहता पाहता अर्धी आळी गोळा झाली. पोरगे दुसऱ्या ओळीत अडखळले मात्र, त्याची आजी, जिला स्वतःला अक्षरओळख नाही, “म्हण की रं, म्हण!” असा धीर देऊ लागली, चुलता अर्थपूर्ण खोकला, चुलतीने दाराआडून पुढला शब्द बांगड्यांच्या आवाजात सांगितला, आणि मी मागे, खांबाला टेकून, केवळ प्रेक्षकाच्या भूमिकेत उभा होतो.

“काका, त्यालाच वाचू द्या,” स्वयंसेवक नम्रपणे म्हणाला.

“मी कुठे काय बोललो?”

“तुमचे ओठ हलताहेत.”

आणि खरोखरच ते पोरगे कागदाकडे पाहतच नव्हते. ते आळीपाळीने आम्हा सर्वांच्या तोंडांकडे पाहत होते, आणि जे तोंड सर्वाधिक आश्वासक वाटेल त्याबरहुकूम शब्द उच्चारीत होते. मुलास प्रश्न विचारल्यानंतर जी चार सेकंदांची शांतता पसरते, ती सोसणारा प्रौढ मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. उन्हाळे सोसणारे, सासुरवास सोसणारे, एका सहीसाठी महिनोन् महिने कचेरीच्या बाकावर बसणारे धीरोदात्त लोक मी पाहिले आहेत. पण ‘सात नवे किती?’ असे विचारून स्वस्थ बसणारा मनुष्य आमच्या तालुक्यात तरी नाही. तो स्वतःच ‘त्रे...’ असे म्हणून जातो, मूल ‘त्रेसष्ट’ म्हणते, आणि उभयतांस मूल्यमापन झाल्याचे समाधान लाभते.

या समाधानात व्यत्यय आणण्यासाठी ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान आले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपविणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे त्याचे ध्येय. आणि वाचनाचा वेग दुसरीस मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द, तिसरीस किमान साठ, असा राष्ट्रीय दंडक. अर्थ समजण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आहे; परंतु शब्द घड्याळावर मोजता येतात, अर्थ मोजता येत नाही, त्यामुळे सरावाच्या गडबडीत तो थोडा मागे राहतो. वर्गातील सर्वांत चुणचुणीत मुलगी, क्रमांक चार, हिने श्वास कोंडून, पूर्णविराम व स्वल्पविराम यांना न जुमानता, एका मिनिटात उतारा संपविला तेव्हा बाईंनी कौतुकाने विचारले, “शाब्बास! काय वाचलंस गं?”

“एकसष्ट,” ती धापा टाकीत म्हणाली.

त्याच सुमारास केंद्रशाळेत शिक्षकांचे प्रशिक्षण होते. नोंदवह्यांची पिशवी वाहून नेण्याच्या निमित्ताने मीही मागल्या बाकावर हजर होतो. विस्तार अधिकारीसाहेबांनी वाचनवेगाविषयीचे परिपत्रक वाचावयास घेतले. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ येथून सुटलेले ते वाक्य ‘यास्तव’, ‘तथापि’ आणि ‘परंतु सदर बाब’ या घाटांतून वळणे घेत पुढल्या पानावर गेले. साहेब दोनदा मागे आले, एकदा चष्मा पुसला, एकदा पाणी प्याले. माझे मनगटी घड्याळ सहजच हाताशी होते. मिनिटाला चव्वेचाळीस. दुसरीचा दंडक त्यांनी एका शब्दाने चुकविला. वाचलेल्याचा आशय विचारण्याचे कोणाच्या मनात आले असेल तर त्याने ते दाखविले नाही. सर्व शिक्षकवर्ग साहेबांच्या तोंडाकडे पाहून जेथे मान हलवावयाची तेथे हलवीत होता.

परंतु या सर्वांवर कळस चढविला तो राष्ट्रीय सर्वेक्षणाने. २०१७ साली ते झाले, १२ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा झाले, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ हे नवे नाव धारण करून तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांत अवतरले. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात मुलाचा निकाल लागत नाही आणि गुरुजींचाही लागत नाही. निकाल लागतो जिल्ह्याचा आणि राज्याचा. साऱ्या जिल्ह्याची अब्रू क्रमांक सतराच्या पेन्सिलीच्या टोकावर येऊन बसल्याची जाणीव होताच, वरून सरावाचे हुकूम सुटले. ‘माहिती आज दुपारी बारापर्यंत सादर करावी’ असा संदेश साडेबारा वाजता येई आणि माहिती दिली नाही म्हणून खुलासा मागविणारा दुसरा संदेश त्याच्याही आधी आलेला असे. उत्तराचा गोल रंगविणे ही विद्या आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तिच्यासाठी स्वतंत्र तास लागले. चित्रकलेत ज्याला कायम ‘सुधारणा आवश्यक’ मिळत आले, त्या क्रमांक बावीसने पहिल्याच सराव चाचणीत गोल अशा खुबीने रंगविले, की उभ्या कागदावर वरपासून खालपर्यंत एक नागमोडी वेल उतरली. प्रश्न त्याने वाचलेले नव्हते. वाचले असते तर वेल बिघडली असती, असे त्याचे म्हणणे पडले.

त्याच चाचणीत घड्याळाचे चित्र देऊन ‘किती वाजले?’ असा प्रश्न होता. चित्रात सव्वाचार वाजले होते. वर्गातील एकूण एक मुलाने पावणेअकरा या गोलावर पेन्सिल चालविली होती. एवढे मतैक्य पाहून मुख्याध्यापकांनी प्रथम सामुदायिक नकलेचा संशय घेतला आणि क्रमांक चारला उभे केले.

“घड्याळात किती वाजतात गं?”

“पावणेअकरा.”

“कायम?”

“हो सर,” तिने भिंतीकडे बोट दाखविले.

भिंतीवरचे शाळेचे घड्याळ ही मुले पहिलीत आली तेव्हापासून पावणेअकरावर उभे होते. सौभाग्यवतींनी त्यात सेल घालण्याची सूचना केली. सादिलची रक्कम अद्याप जमा झालेली नाही, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. आणि सर्वेक्षण सुरळीत पार पडावे म्हणून, तेवढ्या मुदतीपुरते, ते घड्याळ उतरवून कपाटात ठेवण्यात आले.

मोठ्यांची परीक्षा घेऊ लागले तर मोठेही निराळे वागत नाहीत. ‘पिसा’ नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची एक जागतिक परीक्षा असते. तिच्या २००९ च्या फेरीत आपल्या देशातर्फे तमिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये बसली आणि चौऱ्याहत्तरांत अनुक्रमे बहात्तरावी व त्र्याहत्तरावी आली. मागे उरला होता एकटा किरगिझस्तान. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नव्हते, असे कारण पुढे करण्यात आले आणि नंतरच्या फेऱ्यांना देश बसला नाही. क्रमांक सतराही गणिताच्या चाचणीच्या दिवशी नेमके हेच करतो; फरक एवढाच, की तो परिसराऐवजी पोटाचे नाव सांगतो. त्याच्या नोंदवहीत मी ‘राष्ट्रीय पातळीवरील गुण आतापासूनच दिसतात’ असे लिहिणार होतो, पण सौभाग्यवतींनी वेळीच माझ्या हातातून पेन काढून घेतले.

मध्यंतरी कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीस वार्षिक परीक्षा परत आली. तीत उतरला नाही त्यास पुरवणी परीक्षा, आणि तीतही नाही उतरला तर त्याच वर्गात मुक्काम. आमच्या राज्यात २०२३-२४ पासून हा अंमल सुरू झाला. ही वार्ता घेऊन मी आवर्जून माळावर गेलो आणि क्रमांक सतराच्या वडिलांना सांगितले, की तुमच्या प्रश्नाला आता सरकारनेच उत्तर दिले आहे. दोन वर्षांनी पास की नापास ते स्वच्छ कळेल. त्यांना आनंद झाला. परंतु तो टिकला नाही, कारण त्यांची धाकटी कन्या त्याच वर्षी दुसरीत होती आणि नव्या शैक्षणिक धोरणाचे समग्र प्रगतिपत्रक लहान वर्गांपासूनच आले होते. त्यात अंकही नाहीत आणि अ, ब, कही नाहीत. लहानग्यांच्या प्रगतीच्या तीन पायऱ्यांना झरा, पर्वत आणि आकाश अशी नावे दिलेली आहेत. ही योजना ज्यांना सुचली त्यांच्या काव्यशक्तीस मी एक समव्यवसायी म्हणून मनोमन नमस्कार केला. वडील मात्र तो कागद घेऊन थेट आमच्या घरी आले.

“बाई, थोरला मौनातून व्यक्त व्हतोय म्हणाला व्हता तुमी. ही धाकटी झरा हाय म्हनत्यात.”

“हो, म्हणजे तिची आत्ता कुठे सुरुवात आहे. पुढे पर्वत होईल, मग आकाश.”

“आन् आमच्या घरात मानूस म्हनून कोन ऱ्हाईल का न्हाई?”

सौभाग्यवतींनी त्यांना चहा दिला. दुसरे काही देण्यासारखे धोरणात नव्हते.

या समग्र पद्धतीतील सर्वांत धाडसी भाग म्हणजे स्वयंमूल्यमापन. शिक्षकांनी मुलाविषयी लिहावे, पालकांनी लिहावे, वर्गमित्राने लिहावे आणि मुलाने स्वतःविषयीही लिहावे, अशी ती चतुरस्र रचना आहे. वर्गमित्राचा भाग आमच्याकडे सुलभतेने पार पडला; ज्याने पेन्सिल दिली तो उत्तम, ज्याने दिली नाही तो सुधारणा आवश्यक, असा निकष मुलांनी कोणत्याही प्रशिक्षणाविना स्वतःच लावला, आणि आमच्या पैसेवारीपेक्षा तो मला अधिक पारदर्शक वाटला. स्वयंमूल्यमापनाच्या दिवशी गठ्ठे पोहोचविण्यासाठी मी शाळेत गेलो होतो. प्रत्येक मुलाच्या पुढ्यात एक कागद होता. त्यावर ‘हे काम मला जमले’ असे लिहून खाली तीन तोंडे काढलेली होती, एक हसरे, एक मधलेच आणि एक रडवे. आपले तोंड कोणते ते मुलाने रंगवावयाचे. क्रमांक सतराला मी त्या दिवशी प्रथमच प्रत्यक्ष पाहिले. माझ्या नोंदीइतका तो गंभीर नव्हता. नाक पुशीत, पेन्सिल अधांतरी धरून तो बसला होता. त्याने वाक्य वाचले, तिन्ही तोंडे नीट निरखली आणि मान वर करून बाईंच्या तोंडाकडे पाहिले. बाईंनी निश्चयाने फळ्याकडे तोंड फिरविले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. मी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेरचा लिंब न्याहाळू लागलो, तशी त्याने शेजारच्या क्रमांक चारकडे नजर वळविली. ती मुख्याध्यापकांकडे पाहत होती, मुख्याध्यापक दारात येऊन ठाकलेल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे पाहत होते, आणि साहेब हातातल्या भ्रमणध्वनीवर नजर खिळवून, वरून काय येते याची वाट पाहत होते.